पाळण्यात आपलाही नंबर

कोलाड हे पूर्वी कुणी फिरायला येण्याचे गाव नव्हते. मुंबई-गोवा रस्त्यावरचा नाका, तिथून रोह्याकडे फुटणारा फाटा, कोकण रेल्वेचे रोह्यानंतरचे पहिले स्टेशन आणि जवळच धाटावची औद्योगिक वसाहत, एवढीच आमची ओळख. आता सुट्टीच्या दिवशी मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात. माणसे डोक्यावर टोप आणि अंगात फुगीर जाकिटे चढवून रबरी होड्यांत बसतात आणि कुंडलिकेच्या फेसाळ पाण्यातून आरडाओरडा करीत खाली जातात. आमची मुले काठावर उभी राहून बघतात आणि हात हलवतात.

ही गंमत नदीची असली तरी तिची चावी भिऱ्याच्या वीजघरात आहे. मुळशीच्या धरणाचे पाणी सह्याद्रीवरून खाली आणून टाटांनी भिऱ्याला वीज निर्माण केली. तिथून पाणी सुटते तेव्हा ऐन उन्हाळ्यातही नदी भरून वाहते आणि होड्या चालतात. हे वीजघर सुरू झाले १९२७ साली. वाचक बंधू-भगिनींना हे साल सांगायला नको. त्याच वर्षी २० मार्चला, याच जिल्ह्यात (तेव्हा त्याला कुलाबा म्हणत), बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. एकीकडे पाण्यावर दिवे लागत होते आणि दुसरीकडे त्याच पाण्याला शिवण्यासाठी माणसांना मोर्चा काढावा लागत होता.

कोलाडच्या नाक्यावरून दक्षिणेला पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर महाड आहे. उत्तरेला वाकण फाट्यावरून पालीमार्गे खोपोलीच्या बाजूला निघालो तर जवळजवळ तेवढ्याच अंतरावर इमॅजिका आहे. ही आपल्या रायगड जिल्ह्यातली मोठी करमणूक-नगरी. आम्ही एका वर्षात दोन्हीकडे गेलो. त्याची ही हकीगत.

विहारातला वाद

विषय काढला तो महिला मंडळाने. वर्षभर भिशीच्या वेळी प्रत्येकीने थोडे थोडे पैसे एका डब्यात वेगळे टाकले होते. डबा उघडला तेव्हा मुलांनी एकच कल्ला केला : इमॅजिका! शाळेतली काही मुले जाऊन आली होती आणि त्यांच्या गोष्टी ऐकून आमच्या मुलांची झोप उडाली होती.

विहाराच्या कामात जन्म घालवलेले आमचे काका मात्र उठून उभे राहिले. "कंत्राटी पगारावर जगणारी माणसं आपण. विहाराचे पत्रे गळतायत, पोरांच्या क्लासची फी थकलीय. आणि एका दिवसाच्या झोक्यासाठी माणशी हजारावर रुपये उडवायचे?"

काकांचे म्हणणे खोटे नव्हते. कुणाला लगेच उत्तर सुचेना. तेव्हा आमची आत्या बोलली. आत्याने पंचाहत्तरी ओलांडली आहे. ती सभेत सहसा बोलत नाही.

ती म्हणाली, "मी लहान व्हते तवा गावच्या जत्रंत लाकडाचा पाळणा यायचा. समद्या पोरांचं बसून झालं की मंग आमचा नंबर. लय येळा तवर अंधार पडायचा नि पाळणेवाला पाळणा बांधून ठेवायचा. पुढं धर्मांतर झालं. बा म्हनला, देव सोडला तशी जत्रा पन सोडायची. सोडली. बाबासाहेबांच्या शब्दापुढं पाळणा काय! पन मी पाळण्यात कंदी बसलेच न्हाय, त्ये ऱ्हायलंच."

विहारात शांतता पसरली. १९५६ नंतर आपल्या वाडीवाडीतल्या लोकांनी देव, नवस, जत्रा सोडल्या. ते योग्यच केले. पण जत्रेबरोबर मुलांचा आकाशपाळणा, गोड शेव आणि पिपाणीही गेली, याचा हिशोब कुणी मांडला नव्हता. दहा मैल चालत जाऊन सभा ऐकणाऱ्या त्या पिढीला तो मांडायला सवडही नव्हती.

शेवटी काकांनीच तोड काढली. "जायचं तर जाऊ. पण आधी महाड, मग इमॅजिका. पोरांनी तळं बघितल्याशिवाय पाळणा नाही." सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

त्याप्रमाणे २० मार्चला आम्ही टेम्पोने महाडला गेलो. तळ्याच्या पायऱ्यांवर काकांनी मुलांना इतिहास सांगितला. मुंबई कायदे मंडळात बोले ठराव झाला १९२३ साली. महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला १९२४ साली. पण कागदावर उघडलेले तळे प्रत्यक्षात बंदच होते. ते उघडण्यासाठी १९२७ चा सत्याग्रह लागला आणि नंतर कोर्टकचेरी होऊन हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ चा मार्च उजाडला. एका मुलाने विचारले, "दहा वर्षं? एका तळ्यासाठी?" काका म्हणाले, "तळ्यासाठी नव्हे रे, माणूस म्हणून नंबर लागण्यासाठी."

पालीच्या रस्त्याने

थंडीत एका मधल्या वारी मिनीबस ठरवली. सकाळी विहारात त्रिसरण-पंचशील घेऊन निघालो. वाकणला मोठा रस्ता सोडला. पालीला गाड्यांची रांग देवळाकडे वळत होती. आमची गाडी सरळ गेली. याच सुधागड तालुक्यात नाडसूरजवळ डोंगराच्या कुशीत ठाणाळ्याची बौद्ध लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांतून घाटावर जाणाऱ्या वाटांवर भिक्खूंसाठी ती कोरली गेली. जिथे व्यापारी थांबत तिथेच धम्मही थांबत असे. लेण्यांचा डोंगर ज्या दिशेला आहे तिकडे बघून आत्याने हात जोडले आणि "पुढच्या वक्ताला तितं" असे सांगून टाकले.

करमणूक-नगरीत बाहेरचे खाणे आत नेता येत नाही. म्हणून अलीकडेच एका झाडाखाली गाडी थांबवून भाकरी, सुकटीची चटणी आणि उकडलेली अंडी पोटभर खाऊन घेतली.

इमॅजिका खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर आहे. चित्रपट व्यवसायातले मनमोहन शेट्टी यांनी ती उभारली आणि एप्रिल २०१३ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. २०१४ मध्ये शेजारी जलक्रीडेची बाग झाली, २०१६ मध्ये बर्फाचे दालन झाले आणि २०२२ मध्ये सगळा कारभार मालपाणी समूहाकडे गेला. त्याआधीच्या पिढीला अशा बागेचे एकच नाव ठाऊक होते, ते म्हणजे गोराईचे एस्सेलवर्ल्ड. १९८९ मध्ये सुरू झालेली ती बाग २०२२ मध्ये बंद पडली. आमच्यातल्या अनेकांनी ती फक्त टीव्हीच्या जाहिरातीत पाहिली.

एका कुंपणात सारे जग

आत शिरल्यावर पहिला अनुभव असा की आपण कुठल्या मुलखात आहोत हेच कळेना. बागेचे भाग देशोदेशींच्या नावाने पाडलेले आहेत. इथे घुमटांचा अरबस्तान, तिथे सोन्याच्या खाणी खणणारी अमेरिका, पलीकडे युरोप, आफ्रिका आणि आपला भारत. ज्यांनी मुंबईपलीकडे पाऊल टाकले नाही, त्यांनी दहा मिनिटांत चार खंड ओलांडले.

अरबस्तानात अलीबाबा आणि चाळीस चोर. छोट्या गाडीत बसायचे, हातात बंदूक मिळते आणि अंधारात दिसणाऱ्या चोरांवर नेम धरायचा. सर्वांत जास्त चोर टिपले ते धुणीभांडी करणाऱ्या आमच्या एका वहिनीने. तिला विचारले तर म्हणाली, "रोज डास मारते, तीच सवय."

'मिस्टर इंडिया' हा १९८७ चा चित्रपट आमच्या पिढीने व्हिडिओवर पाहिलेला. त्यावरच्या खेळात पडद्यावर मोगँबोशी लढाई चालते आणि तुमची खुर्ची चित्राच्या तालावर हलते. आपण जागच्या जागीच असतो, पण डोळे म्हणतात पळतोय आणि पाठ म्हणते पडतोय. त्या चित्रपटात एक घड्याळ मनगटावर बांधले की माणूस दिसेनासा होतो. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "आमच्या आजोबाला गावानं घड्याळाशिवायच गायब करून ठेवलं होतं. काम असेल तेवढंच दिसायचा." मुले हसली. मोठ्यांपैकी काहीजण हसले नाहीत.

'आय फॉर इंडिया'मध्ये पाय अधांतरी सोडून बसवतात आणि समोरच्या भल्या मोठ्या पडद्यावर देश खालून सरकत जातो. आपण जणू घारीसारखे उडत असतो. विमानात कधी न बसलेल्या आम्हा सर्वांचे हे पहिले विमान.

'राजासॉरस' हा नावेचा खेळ. काळोख्या बोगद्यातून नाव जाते आणि दोन्ही बाजूंना अजस्र प्राणी माना वर काढतात. मुलांना वाटले हे नाव बनावट असेल. पण राजासॉरस हा खराच आपल्या मातीतला डायनासोर. त्याची हाडे गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्याच्या भागात सापडली आणि २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस असे नाव दिले. कोट्यवधी वर्षांपूर्वी हा प्राणी या भूमीवर हिंडत होता, तेव्हा कुठली जात आणि कुठले गावकूस!

देवाचा कोप आणि बटण

दोन खेळ आम्ही मुद्दाम मुलांना समजावून दाखवले. एक 'सलीमगड', म्हणजे भुतांचा वाडा. बाहेर आल्यावर प्रत्येक मुलाने सांगायचे की भूत कशाचे बनले होते. कुणी म्हणाले आरसा, कुणी दिवा, कुणी वाऱ्याचा झोत. आत घाबरून काकांचा सदरा फाडणारा आमचा धाकटा सर्वांत शेवटी म्हणाला, "भूत लायटीचं होतं." बावीस प्रतिज्ञा पाठ करण्याचे ते वय नाही, पण त्यांचा पहिला धडा त्याला तिथेच मिळाला.

दुसरा देखावा ग्रीक देवांच्या कोपाचा. पाणी उसळते, ज्वाला भडकतात, गडगडाट होतो. आत्या क्षणभर दचकली. मग तिने विचारले, "ह्यो कोप रोज व्हतो?" म्हटले, रोज, ठरलेल्या वेळी. "मंग कुनीतरी बटण दाबत आसंल." आत्याच्या या एका वाक्यापुढे आमचे व्याख्यान कमी पडले. तिला लिहितावाचता येत नाही, पण कोपाच्या मागचे बटण शोधायला ती केव्हाच शिकली आहे.

नायट्रो

या नगरीचा राजा नायट्रो. स्वित्झर्लंडच्या कंपनीने घडवलेली ही रुळांवरची गाडी सुमारे ४० मीटर उंच चढते, म्हणजे बारा-तेरा मजली इमारतीएवढी. तिचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातो आणि वाटेत ती पाच वेळा माणसाला उलटे करते. पायाखाली फळीसुद्धा नाही.

आमची एक भाची दहावीत आहे. तिने रांगेत उभ्या उभ्या धाकट्यांना विज्ञान शिकवले. या गाडीला स्वतःचे इंजिन नसते. साखळी तिला ओढून उंचावर नेते आणि सोडून देते. मग चढताना साठलेली ताकदच तिला पुढे पळवते. म्हणून पहिली चढण सर्वांत उंच लागते. आणि उलटे झाल्यावर आपण पडत का नाही? पाणी भरलेली बादली हाताने जोरात गरगर फिरवली तर पाणी सांडत नाही, तसेच. शिवाय खांद्यावरून घट्ट पट्टा असतोच.

खेळात बसण्यापूर्वी मुलांना एका खुणेपाशी उभे करून उंची मोजतात. खुणेखाली डोके राहिले तर आत सोडत नाहीत, ते सुरक्षेसाठी. आमचा धाकटा टाचा उंचावून उभा राहिला, तरी जमले नाही. मोजणारा तरुण हसून म्हणाला, "पुढच्या वर्षी ये, वाढशील." मग आमच्या एकीच्या गळ्यातले अशोकचक्राचे पदक पाहून हळूच म्हणाला, "जय भीम, काकी." तो जवळच्याच एका वाडीतला. दिवसभर उभे राहून शेकडो लोकांचे पट्टे तपासायचे हे त्याचे काम. भाचीने त्याला विचारले, "ही मशिनं दुरुस्त कोण करतं?" तो म्हणाला, "डिप्लोमावाले, आयटीआयवाले. रोज सकाळी सगळं तपासतात, मगच गेट उघडतं." परतीच्या वाटेवर भाची नायट्रोबद्दल कमी आणि त्या सकाळच्या तपासणीबद्दल जास्त बोलत होती.

त्या उंचीच्या खुणेपाशी आम्हीही थोडे थबकलो. इथे माणूस मोजला जातो तो फक्त सेंटिमीटरमध्ये. आडनाव कुणी विचारत नाही, गाव विचारत नाही. नावेत पुढच्या बाकावर कोण, मागच्या बाकावर कोण, हे आलेल्या क्रमाने ठरते. आपल्या मुलांना यात काही विशेष वाटत नाही, यातच सारे आले.

पण हे असेच होते असे नाही, आणि केवळ आपल्या देशातच नाही. अमेरिकेतल्या अनेक करमणूक-बागांत काळ्या लोकांना प्रवेश नव्हता. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून जे प्रसिद्ध पत्र लिहिले, त्यात आपल्या लहान मुलीचे दुःखही नोंदवले आहे. टीव्हीवर जाहिरात पाहून ती बागेत जाण्याचा हट्ट धरते आणि ती बाग काळ्या मुलांना बंद आहे हे बापाला सांगावे लागते. बाल्टिमोरजवळच्या ग्विन ओक बागेसाठी लोकांनी कित्येक वर्षे निदर्शने केली, शेकडो जण तुरुंगात गेले. अखेर २८ ऑगस्ट १९६३ रोजी ती सर्वांना खुली झाली. त्याच दिवशी वॉशिंग्टनला किंग यांची प्रचंड सभा चालू होती. बाग खुली झाली त्या दिवशी शॅरन लँग्ली ही अवघ्या अकरा महिन्यांची काळी मुलगी तिथल्या लाकडी घोड्यावर बसली. त्या बागेतले घोड्यांचे चक्र पुढे वॉशिंग्टनच्या मधोमध राष्ट्रीय मैदानावर नेऊन बसवण्यात आले.

आपल्याकडे हा हक्क बाबासाहेबांच्या हाताखाली घडलेल्या राज्यघटनेत आहे. पंधरावे कलम उघडून बघा. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांवर धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणाला अडवता येणार नाही, हे आपल्याला पाठ आहे. पण त्याच कलमात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणेही आहेत. तळ्याच्या शेजारीच पाळणाही लिहिलेला आहे. पाणी ही माणसाची गरज आहे. पण हसण्याखेळण्यालाही तिथे जागा दिली आहे. काकांना हे वाचून दाखवले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.

आता आडवे येते ते तिकीट. जातीचा दरवाजा कायद्याने उघडला, पैशाचा अजून अर्धाच उघडला आहे. अशा बागांतून जास्त पैसे मोजणाऱ्यांसाठी वेगळी झटपट रांगही असते. आमची मुले साध्या रांगेत उभी राहिली. एकाने विचारले, "ते आपल्या पुढे का जातात?" त्याला खरे ते सांगितले. खोटे सांगून मुलांचे समाधान करू नये. वर्षभर डब्यात पैसे टाकून एक दिवस मिळतो, आणि त्या डब्यापर्यंतही न पोचलेली घरे आपल्याच वाडीत आहेत. म्हणून दोन घरांतल्या मुलांचे पैसे मंडळाने भरले. कुणाचे ते कुणालाही सांगितले नाही.

आत्याचा नंबर

ऊन उतरता उतरता आम्ही घोड्यांच्या गोल चक्राशी आलो. रंगीत घोडे, दिवे, मंद वाजणारे संगीत. आत्या म्हणाली, "तुमी बसा, मी पिशव्या बगते." काकांनी तिच्या हातातल्या पिशव्या काढून घेतल्या. "पिशव्या मी बघतो. तू चढ."

दोघींनी धरून तिला घोड्यावर बसवले. नऊवारीचा काष्टा होता म्हणून बरे. चक्र सुरू झाले तेव्हा तिने दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. दुसऱ्या फेरीला एक हात सुटला. तिसऱ्या फेरीला तिने आमच्याकडे बघून हात हलवला, तसाच, जसा आमची मुले काठावरून होडीवाल्यांना हलवतात. खाली उतरल्यावर फक्त म्हणाली, "अजून उजेड हाय."

जाणाऱ्यांसाठी थोडेसे

शनिवार, रविवार आणि शाळांच्या सुट्ट्या टाळाव्यात. गर्दी कमी असते. शाळा किंवा मंडळामार्फत जाणार असाल तर समूहासाठी सवलत आहे का, याची आधी चौकशी करावी. मुंबईकडून येणाऱ्यांना खोपोलीपर्यंत लोकलने येता येते. रक्तदाब, हृदयविकार किंवा पाठीचे दुखणे असलेल्यांनी आणि गरोदर भगिनींनी नायट्रोसारख्या खेळांपासून दूर राहावे. चपलेऐवजी पायात बसणारे बूट असावेत, डोक्याला टोपी असावी. लहान मुलाच्या खिशात मोठ्या माणसाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. आणि जमल्यास त्याच वर्षी महाडलाही जाऊन यावे.

रात्री कोलाडच्या नाक्यावर उतरलो तेव्हा मुले झोपली होती. दुसऱ्या दिवशी विहारात हिशोब झाला. डब्यात थोडी चिल्लर उरली होती. ती पत्र्यांच्या खात्यात घ्यावी, असे कुणीतरी सुचवले. काका म्हणाले, "पत्र्यांचा डबा वेगळा करू. ही चिल्लर ह्याच डब्यात राहू द्या. धाकट्याची उंची पुढच्या वर्षी खुणेपर्यंत येणार आहे."